भिणाऱ्या पौलाला प्रभू काय म्हणाला?

आजचा शास्त्रभाग: प्रेषितांची कृत्ये १८:१-१७



पौल घाबरला होता. हे वाक्य आपल्याला जरा खटकतं. पौल म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो राजांसमोर उभा राहणारा, तुरुंगात गाणारा प्रेषित. पण आजच्या भागात नवव्या वचनात प्रभू रात्री दर्शनात त्याला भिऊ नकोस असं सांगतो, आणि न भिणाऱ्या माणसाला असं कोणी सांगत नाही. नंतर पौलाने स्वतःच करिंथकरांना लिहून टाकलं की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेला होतो, चांगलाच कापत होतो (१ करिंथ २:३). बघा, केवढा मोकळेपणा! आपण मंडळीत साक्ष देताना हा भाग बहुधा गाळतो.

त्याची भीती खोटीही नव्हती. मागचे दोन अध्याय वाचा. फिलिप्पैत कपडे फाडून छड्या मारल्या आणि पाय खोड्यात घातले. थेस्सलनीकेतून रात्रीच निघावं लागलं. बिरुयात लोक चांगले भेटले, तर थेस्सलनीकेचे विरोधक तिथेही मागे आले. अथेन्सात मार बसला नाही, पण तिथल्या हुशार लोकांनी थट्टा केली. (मला विचाराल तर आपल्यापैकी बहुतेकांची भीती अथेन्सची असते. आपल्याला कोणी मारणार नसतं, हसतील मात्र.) आणि मग तो करिंथात पोहोचला. सीला आणि तीमथ्य अजून मासेदोनियातच, हा एकटा.

करिंथ कसं शहर होतं? दोन्ही बाजूंना समुद्र, दोन बंदरं. रोमी सैन्याने ते इ. स. पूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि पुढे इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने नव्याने वसवलं. त्यामुळे जुनी घराणी कमी आणि बाहेरून पोटासाठी आलेले जास्त. हिंजवडीत नाहीतर ऐरोलीत कोणालाही ‘मूळचा कुठला?’ विचारावं, तसंच. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे नवरा-बायकोही असेच आलेले, सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोममधून हाकललं म्हणून. दोघं राहुट्या करायचे, पौलालाही तेच काम येत होतं, मग तो त्यांच्याकडेच राहिला आणि कामाला लागला. म्हणजे करिंथातली सुवार्ता सुरू झाली ती एका कामाच्या जागेवर, सुई-दोरा हातात असताना.

पुढे सभास्थानात वाद पेटला. पौल तिथून निघाला आणि बोलायला बसला कुठे? सभास्थानाला लागून असलेल्या तीत युस्ताच्या घरात! रोज येता-जाता त्याच लोकांची तोंडं दिसणार. सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प याने तर घरच्या सगळ्यांसह विश्वास ठेवला, पुष्कळांचा बाप्तिस्मा झाला. आणि हे सगळं चांगलं घडल्यावर, पुढच्याच वचनात, ‘भिऊ नकोस’ येतं.

मी हा भाग कितीदा वाचला असेल, पण हा क्रम अलीकडे लक्षात आला. आपल्याला वाटतं एकदा धीराने बोललो, एकाने ऐकलं, की भीती पळाली. पौलाच्या बाबतीत तसं दिसत नाही. यश आलं आणि भीतीही तिथेच होती. तेव्हा ‘आधी माझी भीती जाऊ दे, मग बोलते’ असं आपण म्हणत असू, तर ती वाट फार लांबची आहे.

आता प्रभू काय म्हणतो ते नीट पाहू. तो पौलाला ‘तू उगाच घाबरतोस’ म्हणत नाही. बोलत राहा, गप्प बसू नकोस, मी तुझ्याबरोबर आहे, तुला इजा होणार नाही, असं सांगतो. आणि शेवटी एक कारण देतो जे मला कधी सुचलं नसतं. या शहरात माझे लोक पुष्कळ आहेत, असं तो म्हणतो.

कुठे होते हे पुष्कळ लोक? त्यातल्या कितीतरी जणांनी तोवर येशूचं नावही ऐकलं नसेल. कोणी बंदरावर ओझी उचलत असेल, कोणी दुकानात बसलं असेल. तरी प्रभू आधीच त्यांना ‘माझे’ म्हणतो. म्हणजे देवाला करिंथात घेऊन जाण्याचं काम पौलाचं नव्हतंच. देव तिथे आधीच पोहोचला होता, लोकांच्या मनात काम करत होता. पौलाला फक्त तोंड उघडायचं होतं. हे कळलं की खांद्यावरचं केवढं ओझं उतरतं!

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावर. टिळक कवी, त्यांना आणखी काय हवं? मग विषय धर्माकडे वळला आणि उतरण्याआधी त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. टिळकांनी ती शब्द दिला म्हणून वाचायला घेतली आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले, पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत त्यांनी आणि लक्ष्मीबाईंनी काय मोजली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. आज रविवारी आपण ज्यांची गीतं पेटीवर गातो ते हे टिळक. आणि डब्यातल्या त्या माणसाने काय केलं होतं? समोरच्याला ज्याची गोडी त्यावर गप्पा मारल्या, मनापासून ऐकलं, एक पुस्तक दिलं आणि आपल्या स्टेशनवर उतरून गेला. बाकी सगळं देवाने आधीपासून तयार ठेवलं होतं.

पुण्यात मी ज्या टीममध्ये काम करते तिथे मी एकटीच ख्रिस्ती. दर वर्षी नाताळात ‘केक कुठाय?’ हा प्रश्न ठरलेला, आणि गुड फ्रायडेला ग्रुपवर कोणीतरी ‘हॅपी गुड फ्रायडे’ टाकणार तेही ठरलेलं. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने तो मेसेज टाकला तेव्हा मी तिला वेगळं लिहिलं की आज येशूच्या मरणाचा दिवस, म्हणून आम्ही ‘हॅपी’ म्हणत नाही, पण त्याने माझ्यासाठी जीव दिला म्हणून तो ‘गुड’. दोनच वाक्यं. पाठवताना छाती धडधडत होती, खोटं कशाला सांगू! दोन निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर नाही. चार दिवसांनी चहाला तिने विचारलं, ‘तुझ्यासाठी म्हणजे नेमकं काय गं?’ मग आम्ही बोललो, चहा गार होईपर्यंत. तिच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत, तसं मी तिला सांगितलंही. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या त्या दृष्टी मिळालेल्या माणसालाही परूश्यांची सगळी उत्तरं कुठे येत होती? त्याला आपल्या डोळ्यांपुरतं ठाऊक होतं, तेवढं त्याने सांगितलं.

ती ख्रिस्ती झाली का? नाही. पुढे तिची आई आयसीयूत होती तेव्हा रात्री अकराला तिचा फोन आला, ‘तुझ्या येशूला सांग ना.’ मी फोनवरच प्रार्थना केली, मराठीत, अगदी साधी. पुढचं प्रभूकडे.

आता एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण तुमच्यातले बरेच जण मला हे विचारतात. ‘ताई, विश्वासाबद्दल बोललं की लोक लगेच धर्मांतर म्हणतात, मग गप्प बसलेलं बरं नाही का?’ आपल्या संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना धरून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर पुष्कळ वाद झाले, होतात. माझ्यापुरतं सांगते, समोरच्याचं मन बदलणं हे माझं काम आहे असं मला शास्त्रात कुठेच सापडत नाही. ते पवित्र आत्म्याचं काम. माझ्याकडे साक्ष आहे, ती द्यायची. आमिष, दबाव, आजाऱ्याच्या हतबलतेचा फायदा यातलं काही आलं की ती साक्ष राहत नाही. दुसऱ्याच्या देवाची टवाळीसुद्धा नाही. इफिसात अर्तमीदेवीवरून दंगल झाली तेव्हा तिथल्या चिटणीसानेच जमावाला सांगितलं की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही (प्रे. कृत्ये १९:३७). पौलाचे सोबती एवढ्या मोठ्या देवळाच्या गावात राहत होते आणि गावचा अधिकारी त्यांच्याबद्दल असं म्हणू शकला! आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला आपल्याबद्दल असं म्हणता येईल का?

आणि इजा होणार नाही या वचनाचं काय झालं? पौलाला शेवटी धरून राज्यपाल गल्लियोच्या न्यायासनासमोर नेलंच. वचन मिळालं म्हणून खटला टळला नाही. पौल तोंड उघडणार एवढ्यात गल्लियोने प्रकरण काढून टाकलं. तुमच्या-माझ्या वाट्याला टोमणे येतील, एखादा ग्रुप आपल्याला न सांगता वेगळा ट्रेक ठरवेल, घरी कोणी चार दिवस अबोला धरेल. काहींच्या वाट्याला यापेक्षा कितीतरी जास्त आलं आहे, ते मला माहीत आहे आणि तुम्ही मेसेजमध्ये लिहिता तेव्हा मी नाव घेऊन प्रार्थना करते. पौल मात्र त्या शहरात दीड वर्ष राहिला. राहुट्या शिवत, शिकवत.

प्रार्थना: प्रभू येशू, उद्या सोमवार आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याला तू माझ्याआधीपासून ओळखतोस. त्याने काही विचारलं तर माझ्या जिभेवर तुझे शब्द दे, आणि त्याला ऐकून घ्यायचं असेल तेव्हा मला ऐकणारे कानही दे. हात कापले तर कापू देत, तू जवळ राहा. आमेन.