विकत घेतलेले आदरातिथ्य

१७७६ सालच्या मार्च महिन्यात डॉक्टर जॉन्सन आणि त्यांचे चरित्रकार बॉस्वेल हे ऑक्सफर्डहून बर्मिंगहॅमकडे निघाले असता वाटेत चॅपेल हाउस येथील एका 'इन'मध्ये जेवावयास थांबले. जेवण मनासारखे झाले असावे. कारण डॉक्टरसाहेबांनी तेथेच एक सिद्धांत मांडला. मित्राच्या घरी कितीही थाटाचा पाहुणचार होवो, यजमानास पाहुण्याची काळजी आणि पाहुण्यास यजमानाची भीड ही सुटतच नाही. परंतु इनमध्ये तुम्ही जितका आरडाओरडा कराल, जितके पदार्थ मागवाल, तितके तुमचे स्वागत अधिक, असा त्याचा मथितार्थ. इन म्हणजे आपली धर्मशाळा नव्हे आणि नुसती खाणावळही नव्हे. अंथरूण, अन्न, मद्य आणि गावगप्पा ही एका छपराखाली मिळण्याचे ते ठिकाण होय.

आपल्या मनास हा सिद्धांत सहजासहजी रुचत नाही. तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला आई, वडील आणि आचार्य यांच्या पंक्तीला नेऊन बसविले आहे. आणि महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेयाने कलियुगाची जी लक्षणे सांगितली, त्यांत अन्नविक्रय हे एक आहे. 'पोटभर जेवा' म्हणणाऱ्याने मागाहून हिशेबाचा कागद पुढे करावा, यात आपणांस काहीतरी ओशाळवाणे वाटते. पैसा मधे आला की जिव्हाळा गेला, हे आपण गृहीतच धरून चालतो. पण ते खरे आहे काय?

इंग्लंडमधील एखाद्या खेड्यात, पावसाने चिंब झालेल्या संध्याकाळी अशा इनचे दार ज्याने लोटले असेल, त्यास माझी शंका कळेल. डोके आपटेल इतक्या ठेंगण्या, काळवंडलेल्या तुळया, भिंतीतल्या चुलीत धडधडणारी लाकडे, वाफाळणारे सूप, नुकताच भाजलेला पाव, आणि शेवटी सफरचंदाच्या गरम क्रंबलवर ओतलेले कस्टर्ड! (विलायती अन्न बेचव असते असे आपल्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगणारे बहुधा शहरातल्याच उपाहारगृहांत जेवलेले असतात.) मी एकदा असा उतरलो असता घरमालकिणीने न सांगता माझे ओले बूट उचलले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि ते विस्तवापासून बेताच्या अंतरावर वाळत ठेवले. सकाळी बिल आले. त्यात सूप होते, क्रंबल होते, खोलीचे भाडे होते; बुटांचे कलम कोठेही नव्हते.

संशयवादी म्हणेल, गिऱ्हाईक पुन्हा यावे म्हणून ही युक्ती. असेलही. परंतु पुण्याहून आलेला एक प्रौढ प्रवासी त्या आडगावी पुन्हा येण्याचा संभव किती, हे त्या बाईस माझ्याइतकेच ठाऊक होते. शिवाय हेतूची इतकी कडक झडती घ्यावयाची म्हटली, तर ती घरच्या पाहुणचाराचीही घ्यावी लागेल. तेथे लौकिकाची आस नसते काय? नातेवाइकांच्या जिभेचे भय नसते काय? पुण्याचा हिशेब हाही हिशेबच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात एक रात्र राहणाऱ्यास अतिथी म्हटले आहे. आणि तेथेच, जे गृहस्थ परान्नाच्या आशेने दुसऱ्यांकडे घुटमळतात ते मेल्यावर त्या अन्नदात्यांची जनावरे होतात, असाही धाक घातला आहे. म्हणजे फुकट जेवणावर ऋण चढते, हे स्मृतिकारांस पुरते माहीत होते. ते फेडण्याची मुदत मात्र त्यांनी पुढील जन्मापर्यंत लांबविली!

आणि घरी या ऋणाचा भार प्रत्यक्ष कोण वाहतो? रात्री साडेनऊला स्नेह्यास हाताला धरून आणणारे आणि ओसरीवरूनच 'दोन पाने अधिक मांडा' असे फर्मावणारे गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. आपल्यापैकी कित्येकांना ते आरशातही दिसतील. औदार्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. झाकपाक झालेली चूल पुन्हा पेटविणारी, आपल्या वाट्याचे वरण पाहुण्याच्या पानात सरकविणारी आणि वर हसतमुख राहणारी स्त्री ही त्या आतिथ्याची खरी किंमत भरते. तिचे हसू कर्तव्याचे असते, आणि ते नाकारण्याची मुभा तिला नसते. इनमध्ये वाढणाऱ्या मुलीस निदान आठवड्याचा पगार मिळतो, आणि न पटल्यास दुसरीकडे जाता येते. फुकटचे ते पवित्र आणि विकतचे ते हीन, ही विभागणी ज्यांनी केली ते स्वयंपाकघरात फारसे गेले नसावेत.

सर्व्हांटिसने हा प्रश्न विनोदाने फार पूर्वीच सोडविला आहे. १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॉन किहोते'च्या पहिल्या भागात त्या वेड्या वीरास प्रत्येक सराई म्हणजे किल्ला आणि सराईवाला म्हणजे किल्लेदार वाटतो. साहजिकच निघताना तो पैसे देण्याचे नाकारतो. वीरपुरुषांनी मुक्कामाचे पैसे चुकविल्याचे त्याच्या कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. तो स्वतः घोड्यावरून डौलाने बाहेर पडतो आणि मागे राहिलेल्या गरीब सांचोला लोक घोंगडीत घालून उडवितात. विकतच्या पाहुणचाराला राजेशाही दान समजणाऱ्याचे देणे दुसऱ्याच कोणाला तरी द्यावे लागते.

दामाने ऋण फिटते, यजमान आणि पाहुणा दोघेही मोकळे होतात, आणि मग बूट वाळविण्यासारखी जी गोष्ट घडते ती खरोखरीच स्वेच्छेची ठरते, असे माझे मत आहे. परंतु या दारास एक उंबरठा आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला तो ओलांडता येत नाही, आणि अशांसाठी धर्मशाळा व अन्नछत्रे राहिलीच पाहिजेत. मग ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला तरी तो नेहमी ओलांडता येतो काय?

कांटने १७९५ सालच्या आपल्या शाश्वत शांतताविषयक निबंधात परक्यास एवढाच हक्क दिला की त्यास शत्रूप्रमाणे वागवू नये. पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क त्याने दिला नाही. इंग्रजी कायदा येथे कांटच्याही पुढे गेला. जागा असेल आणि प्रवासी दाम देण्यास तयार असेल, तर सयुक्तिक कारणावाचून त्यास परत पाठविण्याची इनवाल्यास मनाई होती. तरीही १९४३ साली वेस्ट इंडिजचा क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यास लंडनच्या इम्पीरियल हॉटेलने कातडीच्या रंगापायी ठेवून घेतले नाही. त्याने दावा लावला, १९४४ साली तो जिंकला, आणि नाममात्र नुकसानभरपाई म्हणून त्यास पाच गिनी मिळाल्या.

आपल्याकडील उदाहरण याहून जुने आणि याहून कडू आहे. परदेशी उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या डॉक्टर आंबेडकरांना हिंदू वस्तिगृहात जागा मिळणे शक्य नव्हते. म्हणून ते एका पारशी पथिकाश्रमात गेले. हकीकत त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेविली आहे. हे पारशी नव्हेत, हे रखवालदाराने ओळखले. परंतु गिऱ्हाईक नव्हते, आणि रोजचा दीड रुपया त्यास हवा होता. वहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर त्याने वरच्या मजल्यावर जागा दिली. ऊब तेथे कसलीच नव्हती. रात्रीच्या अंधारात एका लहान कंदिलाचाच काय तो उजेड. तथापि ज्या शहरात धर्माने दार लावून घेतले होते, तेथे त्या रखवालदाराच्या लोभाने ते किलकिले केले, हे विसरता येत नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली सोडण्यास फर्माविले. शहरातील दोन स्नेह्यांकडे आंबेडकरांनी आसरा मागून पाहिला. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही घरच्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले.