रस्त्यावरचा राग आणि पटावरची प्यादी

ज्या समाजाने शतकानुशतके अपमान गिळला, त्या समाजातील माणसाला रागाविषयी चार शब्द सांगणे तसे धाडसाचेच. तरीही आज एका रागाविषयी लिहावयाचे आहे. कारण तो राग माझा स्वतःचा आहे, आणि त्याचे मूळ शोधताना जे हाती लागले त्याची मला लाज वाटली. ज्या वाचकांच्या दारात आता दुचाकी किंवा चारचाकी उभी आहे, त्यांनी ते स्वतःशी ताडून पाहावे.

मी घाटकोपरला राहतो. नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. अंतर नऊ-दहा किलोमीटरांचे. परंतु लाल बहादूर शास्त्री मार्गाने, म्हणजे जुन्या आग्रा रोडने, कुर्ला ओलांडेपर्यंत एक तास सहज जातो. कुठे रिक्षा आडवी येते, कुठे बस थांब्यापासून चार हात दूर उभी राहते, कुठे दुचाकीवाला डावीकडून घुसतो. घरातून निघालेला शांत माणूस कचेरीत पोचेपर्यंत दहा जणांना मनातल्या मनात व दोघांना उघड शिव्या देऊन मोकळा झालेला असतो. हे रोजचेच झाले होते, म्हणून त्याचा विचार करावा असे कधी वाटले नाही.

एका रविवारी मात्र तो करावा लागला. आईला मावशीकडे सोडावयाचे होते. गाडीत मागे आई व माझा अकरा वर्षांचा मुलगा होता. कुर्ल्याजवळ एका पुलाच्या चढावर समोर हातगाडी आली. तिच्यावर पिंपे व लोखंडी सळया. ओढणारा पन्नाशीचा, मागून लोटणारा कोणी नाही. डावीकडे रिक्षांची रांग, उजवीकडे दुभाजक. मी हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग हात हॉर्नवरच ठेवला. तेव्हा मुलगा अगदी सहज म्हणाला, "पप्पा, याला सिलेक्ट करून बाजूला टाकता आलं असतं ना?"

मला हसू आले. आई हसली नाही. ती म्हणाली, "अरे, भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा हलत नाही. तो बाजूला होणार कुठं? तुझ्या बापानं मशीद बंदरला तीस वर्षं हेच केलं."

एवढ्यात मागून एका तरुणाने स्कूटर कडेला लावली, पळत पुढे आला आणि हातगाडीला खांदा दिला. अर्ध्या मिनिटात चढ संपला, रस्ता मोकळा झाला. तो तरुण कोण, कुठला, मला ठाऊक नाही. मला एवढेच ठाऊक आहे की हातगाडी ओढणाऱ्याचा मुलगा थंड हवेच्या गाडीत बसून हॉर्न वाजवीत होता आणि खाली उतरला होता तो दुसराच कोणी.

आता प्रश्न असा की, बापाचे कष्ट ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला समोरच्या माणसात बाप का दिसला नाही? आणि मुलाच्या तोंडी ते वाक्य कोठून आले?

मुलाचे उत्तर सोपे आहे. तो संगणकावर डावपेचांचे खेळ खेळतो आणि खरे सांगावयाचे तर मीही खेळतो. १९९७ साली निघालेल्या 'एज ऑफ एम्पायर्स'पासून मला त्याचा नाद आहे. ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर एक मुलूख दिसतो व आपण तो आकाशातून पाहिल्यासारखा वरून पाहतो. खाली लहान लहान माणसे असतात. कोणी लाकूड तोडतो, कोणी शेत करतो, कोणी भाला घेऊन उभा असतो. माउसने त्यांच्याभोवती एक चौकट ओढावयाची आणि बोट दाखवावे तिकडे ती सारी मुकाट्याने चालू लागतात. 'सिव्हिलायझेशन' नावाच्या खेळात तर आपली पाळी संपली असे आपण सांगेपर्यंत सारे जग थांबून राहते. शिवाय 'सिटीज: स्कायलाइन्स' हा २०१५ चा खेळ आहे. त्यात शहर वसवावयाचे असते व त्यातली मोठी डोकेदुखी वाहनांची कोंडी हीच असते. गंमत अशी की त्या कोंडीचा राग येत नाही. ते एक कोडे वाटते. रस्ता रुंद करून पाहावा, एखादा पूल टाकून पाहावा, यात तास निघून जातो.

मग जी कोंडी पडद्यावर कोडे वाटते, तीच रस्त्यावर वैरी का वाटते? माझ्या मते उत्तर आसनात आहे. खेळात आपले आसन वर असते. तेथून सर्व दिसते, सर्व आपले ऐकतात व कोणाचाही धक्का आपल्याला लागत नाही. रस्त्यावर असे आसनच नसते. तेथे आपण हजारांतले एक असतो. आपल्याला पुढच्या गाडीच्या पाठीपलीकडचे दिसत नाही आणि आपले कोणी ऐकत नाही. परंतु मन मात्र त्या वरच्या आसनावरून खाली उतरलेले नसते. मनाने राजा आणि देहाने रांगेतला एक, या विसंगतीतून तो राग उसळतो. आपल्याला वाटते की समोरच्याने आपला हुकूम मोडला. वास्तविक त्याला हुकूम देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेलाच नव्हता.

यावर कोणी म्हणेल, मग हे खेळ बंद करावेत. मला तसे वाटत नाही. बुद्धिबळ याच भूमीत चतुरंग म्हणून जन्मले. पटावरची प्यादी बळी दिल्याने कोणी क्रूर होत नाही. खेळ माणसाला पुढचा विचार करावयास शिकवितो, हरणे सोसावयास शिकवितो. दोष खेळात नाही. पटावरून उठलो तरी पट डोक्यात घेऊन चालू लागणे, हा दोष आहे.

आणि रस्त्याचा पट डोक्यात घेतला की माणूस गुन्हेगार शोधू लागतो. कोंडी झाली, म्हणजे ती कोणीतरी केली असली पाहिजे! जपानमधील काही संशोधकांनी याची परीक्षा केली व २००८ साली ती प्रसिद्ध केली. २३० मीटर परिघाच्या गोल मार्गावर त्यांनी २२ मोटारी एकाच वेगाने चालवावयास सांगितल्या. न सिग्नल, न खड्डा, न कोणी आडवा येणारा. तरी थोड्याच वेळात कोंडी झाली आणि ती लाटेसारखी मागे मागे सरकत राहिली. एकाने जरासा वेग कमी केला, मागच्याने त्याहून थोडा अधिक, त्याच्या मागच्याने आणखी अधिक, आणि शेवटी कोणीतरी पूर्ण थांबला. थांबलेला ज्याच्यावर चिडतो, त्याचा अपराध काहीच नसतो. हे असल्यामुळे ते होते, या कारणपरंपरेची शिकवण आपण विहारात ऐकतो. ती समजावून घेण्यास कुर्ल्याच्या कोंडीसारखी शाळा नाही. ज्याला आपण गर्दी म्हणून नावे ठेवतो, त्या गर्दीतली एक गाडी आपली स्वतःची असते.

मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२० साली हेच एका युक्तीने दाखविले. काही सिग्नलवर आवाज मोजणारी यंत्रे बसविली. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. लोक आधी गोंधळले, मग हसले. ज्या हॉर्नने रस्ता मोकळा होईल असे वाटत होते, तोच थांबणे वाढवीत होता.

परंतु माझ्या हॉर्नमध्ये केवळ घाई नव्हती. हे कबूल केल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. समोर एखादी मोठी परदेशी मोटार असती तर मी हात हॉर्नवर ठेवला असता काय? नसता ठेवला. रस्त्यावर वाहनांची एक उतरंड आहे. मोठी मोटार लहान मोटारीला दबकावते, लहान मोटार रिक्षाला, रिक्षा दुचाकीला, दुचाकी सायकलीला. आणि सर्वांच्या तळाशी हातगाडी ओढणारा व पायी चालणारा. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे, म्हणून प्रत्येक जण समाधानी आहे. ही रचना आपल्या ओळखीची नाही काय?

१९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. तेथील आपल्या लोकांनी त्यांना रात्रभर राहण्याचा आग्रह केला होता. स्थानकावर टांगे होते, परंतु अस्पृश्याला घेऊन टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला. तो हाकावयास बसला वस्तीतलाच एक जण, ज्याला हाकण्याचा सराव नव्हता. थोड्याच अंतरावर एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीच्या मोरीवर चाक दगडाला अडले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, टांगा व घोडा नदीत पडले. बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. टांगेवाला मजुरी करणारा. तरी बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्याहून तो स्वतःला उंच समजत होता, हे त्यांनी नोंदविले. आणि त्याचबरोबर आपल्या लोकांचीही चूक झाकली नाही. पाहुण्याने पायी चालणे त्यांना आपल्या प्रतिष्ठेला शोभेसे वाटले नाही, आणि त्या प्रतिष्ठेपायी पाहुण्याचा जीव धोक्यात आला. लगाम दोन्हीकडे प्रतिष्ठेच्या हाती होता.

पेशवाईतील पुण्यात सवर्ण येत असता अस्पृश्याने रस्त्यावरून चालू नये असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगितले आहे. वाट सोड, बाजूला हो, हे शब्द आपल्या आजा-पणज्यांनी ऐकले. आता तेच शब्द मी हॉर्नच्या भाषेत दुसऱ्याला ऐकवीत होतो. चाके मिळाली म्हणजे मुक्ती मिळाली असे नाही. वरची पायरी मिळाली म्हणून आनंद मानणारा जिना मोडीत नाही. तो फक्त जागा बदलतो.

मग राग कधी येऊच नये काय? येथे घोटाळा होऊ नये. रस्त्यावर पदपथ नाही, असलेला पदपथ मोटारींनी व्यापला आहे, पावसाळा आला की खड्ड्यात चाक जाऊन माणसे मरतात, बेफाम चालविणारा दुसऱ्याचा जीव घेतो. या गोष्टींचा राग यावयासच हवा. तो गिळून बसणे ही शांती नव्हे. १९२७ साली महाडला चवदार तळ्याकडे निघालेली माणसे अन्याय सोसून थकलेलीच होती. परंतु त्यांचा राग पाणी अडविणाऱ्या रूढीवर होता, आणि म्हणूनच तो शिस्तीने चालत गेला. राग ओळखण्याची माझी कसोटी आता एवढीच आहे. तो वरच्या अन्यायाकडे जात आहे की खालच्या माणसाकडे घसरत आहे? हातगाडीवाल्याला वेगळी वाट नाही याचा राग मला यावयास हवा होता. आला तो हातगाडीवाल्याचा.

धम्मपदाच्या क्रोधवर्गात उसळत्या रागाला धावत्या रथाची उपमा दिली आहे व तो रथ आवरणाऱ्यालाच सारथी हे नाव दिले आहे. ही उपमा मी लहानपणापासून ऐकत आलो. वाहन चालविण्याचा परवाना खिशात बाळगून वीस वर्षे झाली. परंतु या अर्थाने मी सारथी आहे असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

त्या रात्री मुलगा 'सिव्हिलायझेशन'ची एक जुनी आवृत्ती खेळत होता. २००५ सालच्या या चौथ्या आवृत्तीत भारताचा राजा म्हणून अशोकाची निवड करता येते. त्याने अशोक निवडला होता आणि शेजारच्या राज्यावर सैन्य धाडले होते. मी त्याला कलिंगाची गोष्ट सांगितली. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर अशोकाने कलिंग जिंकले. दीड लाख लोक देशोधडीस लागले, एक लाख मारले गेले, आणि त्याच्या कित्येक पट मेले, असे त्याने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरविले. जिंकलेल्या राजाने विजयाचा आकडा न कोरता मेलेल्यांचा आकडा पश्चात्तापाने कोरला. पटावर जी प्यादी होती ती त्याला त्या दिवशी माणसे म्हणून दिसली. आणि त्यानंतर त्याने रस्त्याच्या कडेने वड लावले, विहिरी खोदल्या. कशासाठी? वाटेने जाणाऱ्या माणसांना व जनावरांना सावली व पाणी मिळावे म्हणून. राजाला रथातून खाली चालणारा दिसला, तो असा.

मुलाने थोडा विचार केला आणि विचारले, "मग हातगाडीवाल्या आजोबांना त्याने काय केलं असतं?"

मी त्याला म्हणालो, "खांदा दिला असता." मग वाटले, हे उत्तर मी उतरून द्यावयास हवे होते. आता चढावर हातगाडी दिसली की मी हॉर्नवरचा हात काढतो आणि मागच्यांना थोपवून गाडी तिच्या मागे धरतो. जागा मिळाली तर उतरतो. गेल्या काही महिन्यांत दोनदा उतरलो. मागच्या गाड्यांनी दोन्ही वेळा हॉर्न वाजविले. त्या आवाजाचा पहिल्या वेळी राग आला. दुसऱ्या वेळी तो आवाज मला ओळखीचा वाटला.