पडद्यावरचा स्पर्श

दोन वस्तू भिडल्या, असे केव्हा म्हणावे? कणादाच्या वैशेषिक दर्शनात संयोग हा गुण असून त्याचे 3 प्रकार आहेत: एकाच्या हालचालीतून, दोघांच्या हालचालीतून आणि आधीच्या संयोगातून झालेला. या दर्शनाचा भाष्यकार प्रशस्तपाद याने पहिल्यासाठी खुंटावर बसणारा ससाणा, तर दुसऱ्यासाठी भिडणारे मल्ल योजले. परस्परसंवादी अ‍ॅनिमेशनची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हेच भेद लागतात: चेंडू आणि भिंत, चेंडू आणि चेंडू, हात टेकला म्हणून टेकलेले शरीर.

अडचण काळाची आहे. सेकंदाला 60 चित्रे असतील आणि एखादा बिंदू सेकंदाला 1200 पिक्सेल धावत असेल, तर तो दर चित्राला 20 पिक्सेल पुढे उडतो. 8 पिक्सेल जाडीची भिंत मधल्यामध्ये निसटू शकते. प्रत्येक चित्रात बिंदू स्थिरच असतो, जसा ग्रीक तत्त्वज्ञ झेनोचा, प्रत्येक क्षणी स्थिर असलेला बाण. म्हणून स्क्रिप्ट मागचे आणि आताचे स्थान रेषेने जोडते, आणि ती रेषा भिंतीला छेदते का, हे गणिताने तपासते. ही रेषा ब्रेझनहॅमच्या रेषा रेखाटण्याच्या रीतीने पडद्यावर काढली, तर तिच्या पिक्सेलच्या पायऱ्या होतात. छेद मात्र युक्लिडच्या रुंदी नसलेल्या रेषेवरच शोधला जातो. थोडक्यात, टक्कर दिसत नाही, अनुमानाने कळते. अनुमानाला प्रमाण मानणाऱ्या नैयायिकाला यात वावगे वाटू नये. प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते असे मानणारा क्षणिकवादी बौद्ध मात्र विचारील: दोन्ही चित्रांत असणारा बिंदू एकच, हे कशावरून? स्क्रिप्टपुरते उत्तर सोपे आहे, कारण तिथे बिंदूला नाव दिलेले असते.