चुकलेला टाका

ईश्वर आहे की नाही आणि आत्मा अमर आहे की नाही, हे प्रश्न मी कधी कुणाला विचारत नाही. पहिल्याचं उत्तर ऐकायला फार वेळ लागतो आणि दुसऱ्याचं तपासून पाहायला मरावं लागतं. बी.कॉम. झालेल्या आणि बँकेच्या काउंटरमागे दिवस काढणाऱ्या माणसाने आपली ऐपत ओळखून प्रश्न निवडावेत. म्हणून मी एक लहानसा प्रश्न घेतला आहे. कुणाला दिसत नाही, कुणाचं नुकसान करत नाही आणि जिचा जाब कधी कुणी विचारणार नाही, अशी चूक ही चूक असते का?

हा प्रश्न मला गीतेत किंवा प्रवचनात सापडला नाही. तो आमच्या घरातल्या विणकामाच्या पिशवीतून निघाला.

आमच्या सौभाग्यवतींना विणकामाचा नाद आहे. नाद म्हणजे काय, तर लोकरीचं दुकान दिसलं की तिची चाल मंदावते आणि माझी वाढते. तशात आम्ही राहतो डोंबिवलीत. डोंबिवलीत स्वेटर विणणं म्हणजे जैसलमेरला होड्या बांधण्यासारखं. आमच्याकडे थंडी येते ती लग्नघरी आहेर देऊन जाणाऱ्या परक्या पाहुण्यासारखी. बसत नाही, जेवत नाही, ‘अजून दोन घरं करायचीत’ म्हणते आणि कल्याणच्या दिशेने चालती होते. तरी बाराही महिने आमच्या सोफ्यावर एक स्वेटर अर्धवट अवस्थेत पडलेला असतो आणि त्यात खुपसलेल्या सुयांची मला शरीराच्या एका विशिष्ट भागातून ओळख आहे.

सध्या तिच्या हातात तीन कामं आहेत. भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी टोपडं आणि मोजे. ते इतके चिमुकले, की ते विणणं कमी आणि हरवणं जास्त चालतं. दुसरं काम माझं, बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर. हा ज्या मापाने सुरू झाला ते माप आता माझं राहिलेलं नाही, म्हणून तो थांबला आहे. मी बारीक होण्याची वाट तो पाहतो आहे आणि तो पुरा होण्याची वाट मी. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं, अप्पांचा स्वेटर. अप्पा म्हणजे माझे सासरे. वय वर्षं ब्याऐंशी, मुक्काम नाशिक. नाशिकची थंडी ही खरी थंडी, तिथे स्वेटरला विनोद म्हणता येत नाही.

विणकामातलं मला काही कळत नाही, पण शेजारी बसून काही गोष्टी कानावर पडल्या. उदाहरणार्थ सुयांचे नंबर. बारा नंबरची सुई ही आठ नंबरपेक्षा जाड असावी अशी माझी भाबडी समजूत. प्रत्यक्षात नंबर वाढत जातो तशी सुई बारीक होते. मला यात आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. नोकरीत वर्षं वाढत गेली तसा मीही कुठे जाड झालो? कमरेचं सोडून द्या, मी अधिकाराबद्दल बोलतो आहे.

दुसरी गोष्ट सुलट आणि उलट टाक्यांची. मी समजत होतो हे दोन वेगवेगळे टाके आहेत. पण सुलट टाका मागच्या बाजूने पाहिला की तो उलट असतो आणि उलट टाका मागून सुलट. टाका एकच, बघणारा कुठल्या बाजूला बसला आहे एवढाच फरक. हे कळलं त्या दिवशी कॉलेज सोडल्यावर प्रथमच लूका पाचोलीची आठवण झाली. १४९४ साली या इटालियन साधूने द्विनोंदी जमाखर्चाची पद्धत छापून काढली आणि पुढच्या सगळ्या कॉमर्सच्या पोरांना कामाला लावलं. एकाच्या नावे पडलं की दुसऱ्याच्या जमेला गेलंच पाहिजे. अप्पांची लेक हेच दोन सुयांवर करते आणि तिला त्यासाठी कुणी डिग्री दिलेली नाही.

तर झालं असं. अप्पांच्या स्वेटरची पाठ बगलेपर्यंत आली होती. रात्री जेवणं झाल्यावर तिने विणकाम ट्यूबलाइटखाली धरलं आणि ती एकदम गप्प झाली. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला बायकोच्या गप्प होण्याचे प्रकार ओळखता येतात. हा त्यातला माझ्याशी संबंध नसलेला प्रकार होता. मी धीर करून विचारलं, “काय झालं?”

“टाका चुकलाय. बावीस ओळी खाली. सुलटच्या जागी उलट पडलाय.”

मी चष्मा लावून पाहिलं. मला राखाडी रंग दिसला. तिने बोट ठेवलं तेव्हा तिथे बाजरीच्या दाण्याएवढा एक उंचवटा दिसला.

“मग आता?”

“उसवायचं.”

पाठीवर एकशे दहा टाके. बावीस ओळी म्हणजे दोन हजार चारशे वीस टाके. एका टाक्यासाठी दोन हजार चारशे वीस टाक्यांना फाशी! माझ्यातला कारकून खवळून उठला. मी पेन्सिल घेतली. पुढची बाजू, पाठ, दोन बाह्या मिळून, गळ्याची आणि बगलांची वजावट धरूनसुद्धा, स्वेटरात पन्नास हजारांच्या घरात टाके होतात. त्यांतला एक चुकला. म्हणजे ०.००२ टक्के. “अगं, थकीत कर्जांचं प्रमाण इतकं खाली आणणारी बँक निघाली ना, तर तिच्या चेअरमनची हत्तीवरून मिरवणूक काढतील,” मी म्हणालो. “शिवाय चूक पाठीवर आहे. अप्पांना स्वतःची पाठ दिसत नाही. मोतीबिंदू काढल्यापासून पुढचंही बेताचंच दिसतं. आणि डिसेंबर तोंडावर आलाय.”

वकिलाने भाषण संपवून खाली बसावं तसा मी खाली बसलो. सुया टोचल्या.

तिने विचारलं, “मघाशी तुम्हाला टाका दिसला होता?”

“नाही. तू दाखवल्यावर दिसला.”

“आता बघा बरं. दिसतो?”

दिसत होता. दुसरं काहीच दिसत नव्हतं. पन्नास हजारांची ती सगळी राखाडी फौज कुठे नाहीशी झाली होती आणि तो एकटा टाका छाती काढून उभा होता.

“मग आता तो न दिसेल असं करा,” ती म्हणाली.

माझा मुद्दा तिथेच अर्धा मेला. न दिसणारी चूक अशी काही चीजच नसते. ती निदान एका माणसाला दिसलेली असते, आणि नेमक्या त्याच माणसाबरोबर आपल्याला रात्रंदिवस राहायचं असतं.

तरीही प्रत्येक चुकीसाठी सगळं उसवायचं का? इथे मला विणकामातला एक बारकावा कळला. टाक्यांच्या चुका दोन जातींच्या असतात. एक गळलेला टाका. हा सुईवरून निसटतो आणि ताण पडला की खालच्या ओळीत, तिथून आणखी खालच्या ओळीत असा घसरत जातो आणि मागे शिडी ठेवतो. तो दिसो न दिसो, त्याला पकडावाच लागतो. दुसरा चुकलेला टाका. उलटच्या जागी सुलट, सुलटच्या जागी उलट. हा फक्त दिसतो. तो कुठे जात नाही, शेजाऱ्यांना खाली ओढत नाही, ऊब तेवढीच देतो. पहिल्याला दया दाखवली तर स्वेटर जातो. दुसऱ्याच्या बाबतीत दया कुणाला दाखवायची, टाक्याला की स्वतःला, हा खरा प्रश्न.

आमच्या धंद्यात मात्र कुठला टाका गळलेला आणि कुठला नुसता चुकलेला, हे वरून कळत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत निवृत्तीला टेकलेले एक हेडक्लार्क होते. ते लेजरच्या जमान्यातले. जमाखर्च जुळला नाही की ते आधी फरकाला नऊने भागायचे. भाग गेला, की बहुधा कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत असा कयास. एकदा म्हणे फरक आला तीन रुपये साठ पैशांचा. रात्रीचे आठ वाजलेले. एक नवीन पोरगा कंटाळून म्हणाला, “साहेब, साडेतीन रुपये मी खिशातून टाकतो, वरचे दहा पैसे तुम्ही टाका आणि घरी जाऊ.” हेडक्लार्क म्हणाले, “पैसे मिळाले रे, पण चूक कुठे मिळाली?” शेवटी ती मिळाली. सात रुपये तीस पैशांच्या जागी तीन रुपये सत्तर पैसे पडले होते. पण त्या पोराला त्यांनी समजावलं ते असं, की फरक लहान असला म्हणून चूक लहान असेलच असं नाही. लाखाच्या दोन चुका एकमेकींना खाऊन खाली साडेतीन रुपये उरवू शकतात.

आता हे काम संगणक करतो. तो रात्रीचा थांबत नाही आणि त्याची बायकोही वाट पाहत नाही. विणकामात तर यंत्र फार आधी आलं. इंग्लंडमधल्या विल्यम ली नावाच्या पाद्र्याने १५८९ सालीच मोजे विणायचं यंत्र काढलं. हाताने विणणाऱ्या गरिबांचं पोट जाईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला परवाना नाकारला, अशी कथा सांगतात. मला त्या राणीची युनियन आपली वाटते. यंत्राने विणलेला स्वेटर बाजारात मिळतो, कमी पैशात मिळतो आणि त्यात बहुधा चूक नसते. असलीच तरी यंत्राला त्याचं काही नसतं. ते बटण बंद केलं की झोपतं. चूक करणं यंत्रालाही जमतं, पण चुकीपायी जागरण करणं माणसालाच जमतं.

माझी आजी असं जागरण आयुष्यभर करत होती. १९६२ साली चीनने हल्ला केला तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. आजी साताऱ्याची. कराडचे यशवंतराव चव्हाण त्याच नोव्हेंबरात संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले होते, त्यामुळे सातारकरांना ही लढाई घरचीच वाटत असणार. आजीनेही एक स्वेटर विणला. गठ्ठा सकाळी जायचा आणि आदल्या रात्री, कंदिलाच्या उजेडात, तिला डाव्या बाहीत एक टाका चुकलेला दिसला. उसवला असता तर स्वेटर मागे राहिला असता. तिने तो तसाच घडी करून दिला.

मी ही गोष्ट ऐकली ती १९८० च्या दशकात, आजीच्या मांडीवर. तोपर्यंत वीस-पंचवीस वर्षं लोटली होती. लढाई संपली होती, यशवंतराव गेले होते, आणि तो स्वेटर कुणाच्या अंगावर चढला, तो घालणारा घरी परतला की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. पण दर वर्षी गारठा पडला की ती अंगाभोवती शाल ओढायची आणि म्हणायची, “त्या पोराच्या डाव्या बाहीत एक टाका चुकलाय हो.” मी विचारलं, “मग उसवला का नाहीस?” ती म्हणाली, “थंडी थांबते का रे बाबा?”

आमच्याकडे जमाखर्चात एक उचंत खातं असतं. एखाद्या रकमेचं काय करायचं ते लगेच ठरत नसेल तर ती तात्पुरती तिथे टाकतात. टाकणं सोपं असतं. ती पुढे रोज नजरेसमोर ठेवणं अवघड. आजीने तो टाका उचंत खात्यात टाकला होता. स्वेटर पाठवला ते बरोबरच केलं, पण म्हणून नोंद खोडली नाही.

अप्पांच्या स्वेटरचं म्हणाल, तर माझं भाषण आणि पेन्सिलचा हिशेब दोन्ही वाया गेलं. तिने बावीस ओळी उसवल्याच नाहीत. त्या चुकलेल्या टाक्याच्या बरोबर वरचा एकच टाका सुईवरून मुद्दाम सोडला, बावीस ओळी तेवढीच एक शिडी खाली उतरू दिली, चुकीपाशी पोचल्यावर टाका सरळ केला आणि क्रोशाच्या सुईने एकेक पायरी घेत पुन्हा वर आली. शेजारचे एकशे नऊ टाके जागचे हलले नाहीत. सगळा उद्योग दहा मिनिटांत आटोपला. उसवायचं म्हणजे सगळंच उसवायचं असं थोडंच असतं, हे ज्ञान तिला होतं. फक्त नवऱ्याचं भाषण संपेपर्यंत ते वापरायचं नाही, एवढा संसाराचा अनुभवही होता.

मात्र ही सोय सगळीकडे नसते. बोललेला शब्द, मोडलेला शेजार, वेळेवर न लिहिलेलं पत्र, यांच्यात उतरायला क्रोशाची सुई मिळत नाही. स्वेटर केव्हाच निघून गेलेला असतो आणि नोंद तेवढी आपल्याकडे राहते. म्हणून मी माणसांचे दोन वर्ग केले आहेत. एक, ज्यांच्या उचंत खात्यात काही ना काही पडून आहे आणि ते ज्यांना माहीत आहे. अशांबरोबर चहा प्यायला मला आवडतं. दुसरे, आमच्याकडे असलं खातंच नाही असं छातीवर हात ठेवून सांगणारे. हे काउंटरवर आले की मी त्यांचं बोलणं अदबीने ऐकून घेतो आणि त्यांच्या सह्या दोनदा ताडून पाहतो.