सदतीस ठिपके



अंगणात सडा पडावा, चिमटीतून पहिला ठिपका सुटावा आणि मग दिवस उजाडावा, ही आपल्या येळ्ळूर गावची जुनी रीत. अलीकडे शहरांतील मंडळी कापडावर, दगडावर रंगाचे ठिपके वर्तुळाकार मांडून मंडलचित्रे काढावयास शिकतात आणि त्याने मनास विसावा मिळतो असे सांगतात. आम्हांस त्याचे कौतुकच वाटते. परंतु तो विसावा आपल्या आयाबहिणींस उंबरठ्यापुढे उकिडवे बसून पिढ्यान्‌पिढ्या लाभत आला आहे, हे त्या शिकणाऱ्यांस कुणी तरी सांगावयास हवे.

ही विद्या लहानसहान नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने आपल्या 'मानसोल्लास' ग्रंथात धूलिचित्राची नोंद केली आहे. तमिळ कोलमच्या आकृत्यांमागील गणिताचा अभ्यास मद्रासच्या गिफ्ट सिरोमनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. आपली कानडी शेजारीण ठिपक्यास 'चुक्की' म्हणते; शब्द निराळा, बोटे तशीच चालतात.

'सात ते चार' ही साधी रांगोळी घ्या. मधल्या ओळीत सात ठिपके. तिच्या वर आणि खाली सहा, पाच, चार. प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतील दोहोंच्या मधोमध. एकंदर ३७ होतात. एक जरी घसरला तरी शेवटची रेघ जुळत नाही, आणि पुसून पुन्हा मांडावे लागते. म्हणून मोजताना ओठ हलतात, श्वास आपोआप संथ होतो, आणि घरचा घोर तेवढा वेळ दाराबाहेर थांबतो. जपमाळेच्या मण्यांशी याची तुलना करावी की नाही, याविषयी आमच्यात मतभेद झाला. आम्ही ती केली आहे. पुढे दुपारपर्यंत पावलांनी, वाऱ्याने रांगोळी पुसट होते. उद्या पुन्हा नवी.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगतो. आमच्या घरी एक आत्या होती. श्री चांगळेश्वरीच्या यात्रेत तिची रांगोळी पाहावयास गल्ली लोटत असे. तिचे यजमान वारले आणि तिसऱ्याच महिन्यात आम्ही थोरामोठ्यांनी तिच्या हातून रांगोळीची वाटी काढून घेतली. शुभकार्यात तिचा हात नको, एवढेच कारण. ती काही बोलली नाही. परसात तांदूळ निवडता निवडता सुपात दाणे ओळीने मांडीत बसे. आम्ही ते पाहत होतो आणि गप्प होतो. मनास विसाव्याची सर्वांत अधिक गरज जिला होती, तिचाच विसावा आम्ही धर्माच्या नावाने हिरावला. आज ती नाही. ही चूक आमची आहे.

शिरोळ तालुक्यातील हेरवाड येथील ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ते गाव आपल्यापासून फार दूर नाही. काही वडीलधारे विचारतील, शास्त्राचे काय? त्यांचा मान राखून आम्ही एवढेच विचारतो, की पंढरीच्या दिंडीत कपाळीचे कुंकू पाहून कुणाला ओळीत घेतात काय? वाटेवरच्या धुळीत त्या सर्वांची पावले सारखीच उमटतात. मग देवाच्या अंगणातील धुळीत बोटे का निवडावीत?

येत्या चैत्रात देवळाच्या अंगणात ठिपके मांडावयास शिकवू. शिकवावयास जुन्या जाणत्या आयाच बसतील. त्यांत ज्यांची वाटी कधी काळी काढून घेतली गेली, त्यांस आम्ही स्वतः घरी जाऊन बोलावणार आहोत. मुलगेही यावेत. शिरगोळ्याची रांगोळी देवळातून मिळेल. फार बारीक चाळलेली आणू नये, चिमटीतून ती सारखी पडत नाही. बसावयास पाट मात्र घरून आणावा.