मंडप आणि चित्रकार

काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका शहरी आमची नेमणूक असताना एका राष्ट्रीय परिषदेच्या व्यवस्थेचे थोडे काम आमच्या कचेरीकडे आले. मंडपाच्या दोन्ही बाजूंस लांब कापडी पट्टे लावून त्यांवर ग्रामजीवनाची चित्रे काढावयाची होती, आणि त्यासाठी जवळच्या खेड्यातून एक वृद्ध रंगारी बोलावला होता. लग्नकार्यात घरांच्या भिंती रंगविणे हा त्याचा पिढीजात उद्योग. रेखाटन सुरू करण्यापूर्वी त्याने आम्हांस अगदी साधेपणाने विचारले, "बाबूजी, यांची तोंडे कोणीकडे करू? व्यासपीठाकडे, की लोक येतात त्या दाराकडे?" आम्ही प्रश्न वरिष्ठांकडे नेला. ते हसले आणि म्हणाले, "व्यासपीठाकडे. छायाचित्रांत बरे दिसेल." निरोप आम्हीच पोहोचविला. नांगरणारा, दळणारी, घडा घेऊन निघालेली अशी सारी माणसे मान वळवून व्यासपीठाकडे पाहू लागली. परिषद संपली, रंगाऱ्यास ठरलेली मजुरी मिळाली, आणि त्याच कापडांत खुर्च्या बांधून मंडपवाला निघून गेला. कोणाची फसवणूक झाली नाही. तथापि त्या वृद्धाचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. राष्ट्राच्या नावाने भरणाऱ्या सभेत कलावंताने जावे काय, आणि गेल्यास त्याने कोणाकडे तोंड करावे, हा तो प्रश्न होय.

या बाबतीत आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, राजकारणाचा मंडप ही कलावंताची जागा नव्हे. तेथे गेला की तो भाट झाला. दुसरा पक्ष म्हणतो, ज्या कलेचा राष्ट्रकार्यास उपयोग नाही ती केवळ चैन होय. दोन्ही मते बोलावयास सोपी आहेत आणि दोन्हींत विचार थोडा आहे. आम्हांस एका प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळावेसे वाटते, कारण असे प्रश्न उदाहरणाच्या कसावर घासल्यावाचून उजळत नाहीत.

१९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन फैजपूर येथे भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. फैजपूर हे त्या वेळच्या पूर्व खानदेशातील एक गाव. तोवरची अधिवेशने शहरांतून भरत आलेली; खेड्यात भरणारे हे पहिलेच. अधिवेशनासाठी उभारलेल्या वस्तीस टिळकनगर असे नाव दिले होते, आणि ती सजविण्याचे काम गांधीजींनी शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांच्यावर सोपविले. याच वर्षी लखनौच्या अधिवेशनात नंदलालांनी कलाप्रदर्शन मांडले होते. परंतु प्रदर्शन मांडणे निराळे आणि एक नगरच उभारणे निराळे. आपण चित्रकार आहो, स्थापत्य हा आपला विषय नव्हे, असे त्यांनी कळविले. गांधीजींनी ते मानले नाही. त्यांची अट मात्र स्पष्ट होती. जे साहित्य त्या परिसरात मिळते त्यातूनच आणि तेथल्याच माणसांच्या हातांनी सारे उभे राहिले पाहिजे.

ही अट वरवर पाहता काटकसरीची वाटते. वस्तुतः ती नीतीची होती. शहरातून कारागीर आणि सामान आणून खेड्यात एक देखणे शहर उभारावयाचे असते, तर खेड्यात जाण्याचे प्रयोजनच संपले असते. बांबू, चटया, गवत, खादी यांच्या कमानी आणि मंडप उभे करताना गावच्या सुताराने, बुरुडाने, शेतकऱ्याने आपले नेहमीचेच कसब लावले. ज्यांच्या दारी राष्ट्र आले, त्यांनी ते आपल्या हातच्या वस्तूंनी उतरवून घेतले. पाहुण्यापुढे आपली पितळी ताटली घासूनपुसून ठेवणे निराळे आणि शेजाऱ्याकडून चांदीचे ताट उसने आणणे निराळे, हे आपल्या घरांतील बायकांस कोणी शिकवावे लागत नाही.

पुढचे अधिवेशन १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा येथे झाले. हेही तापीच्याच खोऱ्यातील, पण सुरत जिल्ह्यातील. खानदेशातून वाहत गेलेली नदी तेथे समुद्राजवळ पोहोचलेली असते. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते, आणि वस्तीचे नाव विठ्ठलनगर असे होते. विठ्ठलभाई पटेलांच्या स्मरणार्थ ते दिले होते. अधिवेशन एक्कावन्नावे, म्हणून अध्यक्षांच्या रथास एक्कावन्न बैल जोडले होते, आणि प्रवेशद्वारेही तितकीच उभारली होती. या द्वारांवर आणि मंडपांवर लावण्यासाठी नंदलालांनी आणि त्यांच्या कलाभवनातील शिष्यांनी सुमारे ४०० चित्रफलक तयार केले. त्यांतील ८० हून अधिक नंदलालांच्या स्वतःच्या हातचे. बाकीचे बहुतेक शिष्यांनी त्यांबरहुकूम काढलेले. हातकागदावर, मातीच्या आणि दगडाच्या रंगांनी, झपाट्याने आणि ठसठशीत रेषेने ती चित्रे काढलेली आहेत. ती ठेवली होती उघड्यावर, ये-जा करणाऱ्यांच्या वाटेत.

आता या चित्रांत काय आहे ते पाहावे. ढोल वाजविणारा आहे, वीणावादक आहे, कापूस पिंजणारा पिंजारी आहे, शिंपी आहे, सुतार आहे, बैल आवरणारा गडी आहे, धान्य कांडणाऱ्या स्त्रिया आहेत. या चित्रांत पुढारी नाही, घोषवाक्य नाही, साखळदंड तोडणारी भारतमाता नाही. सभा राजकारणाची, पण चित्रांत राजकारणाचे चिन्हही नाही! दिल्लीस असताना रविवारी सकाळी जयपूर हाउसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात यांतील काही फलक आम्ही अनेकदा पाहिले आहेत, आणि दर वेळी एकच गोष्ट मनावर ठसली. ही माणसे सभेकडे पाहत नाहीत. ढोलवाला ढोलात गढला आहे, पिंजारी आपल्या धनुकलीत. कमानीच्या आकाराच्या चौकटीत, जेथे देवळात देवता बसवावयाची, तेथे तो आपले रोजचे काम करीत उभा आहे. मान वळविण्यास त्याला सवड नाही. पाहावयाचे असेल तर सभेने त्याच्याकडे पाहावे.

येथे आम्हांस त्या रंगाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. नंदलालांनी सभेस आपले श्रम दिले, शिष्य दिले, वेळ दिला. पण आपली दृष्टी मात्र दिली नाही. आणि हे त्यांनी नेमक्या वेळी केले. १९३७ साली राष्ट्रसभेने सात प्रांतांत मंत्रिमंडळे बनविली होती. हरिपुऱ्यास येणारांपैकी काहींच्या हाती आता अधिकार आला होता. ज्याच्या हाती काही नाही त्याला आरसा दाखवावा लागत नाही. ज्याच्या हाती नुकतेच काही आले आहे त्याच्या वाटेत पिंजारी आणि कांडणारी उभी करणे, ही खरी सेवा होय. भाट धन्याला सांगतो की आपण थोर आहात. हा चित्रकार सांगत होता की आपण ज्यांच्या नावाने बोलता ते हे पाहा. दोघेही एकाच मंडपात उभे असतात, म्हणून त्यांना एकाच मापाने मोजणे हा अविचार होय.

या विवेचनावर एक आक्षेप आहे, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. ही चित्रे सुंदर आहेत, पण खरी आहेत काय? फैजपूरच्या अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला, त्यात सारा आणि खंड कमी करण्याची, कर्जाच्या ओझ्याची गोष्ट होती. त्या कर्जाची, त्या भुकेची सावली हरिपुऱ्याच्या फलकांवर कोठे आहे? तेथला शेतकरी धट्टाकट्टा आहे आणि तेथली स्त्री भरल्या अंगाची आहे. सभेला खेडे गोड करून दाखविणे हीही एक खुशामतच नव्हे काय?

आम्हांस वाटते, या आक्षेपाचा अर्धा भाग मान्य केलाच पाहिजे. त्या चित्रांवरून १९३८ चे खेडे जाणू पाहणारा फसेल. परंतु ठराव आणि चित्र यांचे काम एक नव्हे. ठराव माणसाचे काय हिरावले गेले ते सांगतो. चित्राने, ज्याचे हिरावले गेले तो कोण आहे, हे सांगावयाचे असते. केवळ ठरावच वाचीत राहिले तर शेतकरी हा कर्जाचा एक आकडा होऊन बसतो, आणि आकड्याची कीव येते, आदर वाटत नाही. कीव करणारी सभा उद्या सहज मालक होते. दुःख वगळण्याची चूक नंदलालांकडून झाली असेल. पण माणसाची प्रतिष्ठा वगळण्याची त्याहून मोठी चूक त्यांनी टाळली.

दुसरी गोष्ट नावाची. चारशेंपैकी तीनशेंहून अधिक फलक ज्या हातांनी उतरविले, त्यांची नावे पाहणाऱ्यास सांगितलेली नव्हती. यात अन्याय झाला काय? आम्ही आणि या मासिकाचे पुष्कळसे वाचक ज्या व्यवसायात आहोत, त्यात हा प्रश्न परका नाही. आम्ही लिहिलेली टिपणे दुसऱ्याच्या सहीने जातात, आणि ती कोठे आणि कोणाच्या उपयोगी पडली, हे आम्हांस क्वचितच कळते. सही नसणे हे दुःख नव्हे, असा आमचा अनुभव आहे. दुःख तेव्हा होते, जेव्हा टिपणातील वाक्य आपल्याला खरे वाटत नसते आणि तरीही ते आपल्या हाताने लिहिलेले असते. शिष्याने गुरूची रेषा गिरविली, पण ती रेषा त्याला पटलेली असली तर ते काम त्याचेच. आमच्या रंगाऱ्याने रेषा स्वतःची काढली, पण मान दुसऱ्याच्या हुकुमाने वळविली. त्याचे काम त्या क्षणी त्याचे राहिले नाही.

पुढे याच नंदलालांनी आणि त्यांच्या शिष्यांनी भारताच्या संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची पाने सजविली. हरिपुऱ्याचा मंडप पाडण्यासाठीच उभारला होता; संविधानाची प्रत जपण्यासाठी केलेली. एक तीन दिवसांचे, एक पिढ्यांचे. तरी दोन्हीकडे हात तेच होते, आणि बांबूच्या कमानीवर कमी लक्ष द्यावे असे त्यांना वाटले नव्हते, हे फलकांकडे पाहिल्यावर कळते. काम किती दिवस टिकणार यावर ते किती प्रामाणिकपणे करावयाचे हे ठरत नाही, ही गोष्ट आम्ही त्यांच्याकडून घ्यावी.

राष्ट्रीय सभा, परिषदा, संमेलने यापुढेही भरत राहतील, आणि त्यांना रंग, कमानी, गाणी लागत राहतील. कलावंतांनी आणि गावांनी त्यांपासून दूर राहावे असे आम्हांस वाटत नाही. दूर राहिले तर ती जागा भाटांस मिळेल, इतकेच. त्यांनी जरूर जावे, आपल्याच घरचे साहित्य घेऊन जावे, आणि आपल्या चित्रांतील माणसांस त्यांच्या कामात गढलेले राहू द्यावे.

राहता राहिले आम्ही. त्या दिवशी रंगाऱ्याचा प्रश्न वर नेताना आम्ही एवढेच म्हणू शकलो असतो की, साहेब, दाराकडे तोंडे केली तर येणाऱ्या लोकांचे स्वागत होईल. कदाचित ते मानलेही गेले असते. त्यात धैर्याचे असे फार काही नव्हते. आम्ही ते म्हटले नाही, कारण प्रश्न केवळ सजावटीचा आहे असे आम्हांस वाटले. तो केवळ सजावटीचा नव्हता, हे त्या वृद्धास ठाऊक होते; नाहीतर ब्रश बुडविण्यापूर्वी थांबून त्याने तो विचारलाच नसता.