वेगवान घोडा आणि न विचारलेला प्रश्न



गेल्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात केक आणि चहा चालू होता. तेव्हा एक तरुण माझ्यापाशी आला. मूळ आपल्याच धर्मग्रामातला. गेली आठ-नऊ वर्षे तो जर्मनीत श्टुटगार्टजवळ इंजिनिअर म्हणून नोकरी करतो. "फादर, पापनिवेदन नाही, पण एक विचारायचं होतं," तो म्हणाला. पापनिवेदन नव्हते म्हणूनच, आणि त्याची परवानगी घेऊन, हे लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी पोर्शे 911 विकत घेतली. आपल्यापैकी अनेकांनी ही गाडी चित्रातच पाहिली असेल. 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली आणि तिची बेडकासारखी बसकी ठेवण आजही कायम आहे. इंजिन पुढे नसून मागच्या चाकांच्याही मागे. याची गाडी 2003 सालची, म्हणजे पाण्याने इंजिन थंड ठेवणाऱ्या पहिल्या पिढीतली. त्याआधीच्या सगळ्या 911 हवेवर थंड होत. 3.6 लिटरचे इंजिन, 320 अश्वशक्ती, ताशी 285 किलोमीटरपर्यंत वेग. दारे दोनच. मागच्या बाकावर शाळेचे दप्तर नीट बसेल, माणूस नाही.

मला वाटले, हा मुलगा चैनीबद्दल विचारणार. माझे उत्तरही तयार होते, आणि ते फारसे कठोर नव्हते. वीस वर्षांची स्पोर्ट्स कार घेताना नव्या साध्या कौटुंबिक गाडीपेक्षा कमी पैसे पडतात. खरा खर्च नंतरचा. गाडी जुनी झाली तरी तिचे सुटे भाग श्रीमंताच्याच गाडीचे असतात. हत्ती स्वस्तात मिळतो, पण चारा त्याला हत्तीचाच लागतो. लहानपणी वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढणाऱ्या मुलाने कष्टाच्या पैशातून, घरी पाठवायचे ते पाठवून, एक सुंदर यंत्र घेतले तर त्यात मला पाप दिसत नाही. मला स्वतःला ती एकदा चालवायला मिळाली तर मी नाही म्हणेन, असे कोणी समजू नये.

पण त्याचा प्रश्न वेगळा होता. घरी बाळ येणार होते, म्हणून गाडी विकायची होती. त्याच्याकडे लपवण्यासारखी एक गोष्ट होती.

जर्मनीत न्युर्बुर्गरिंग नावाची जुनी शर्यतीची वाट आहे. तिचा उत्तरेकडचा फेरा 20 किलोमीटरहून अधिक लांबीचा आणि वळणावळणांचा आहे. ठरावीक दिवशी पैसे भरून कोणीही आपली गाडी तिथे नेऊ शकतो. हा गेला. एका चढणीवर तिसऱ्या गिअरमधून चौथा टाकताना हात डावीकडे गेला आणि दुसरा पडला. इंजिन क्षणभर किंचाळले. अशा गाडीत इंजिनाचे फेरे मर्यादेपुढे जाऊ नयेत म्हणून संगणक इंधन तोडतो, पण इथे इंजिनाला पळवत होती ती चाके, इंधन नव्हे. त्यामुळे तो अंकुश निकामी. अशा वेळी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकू शकतात, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ताणले जाऊ शकतात. इजा त्याच दिवशी दिसेल, पुढे कधीतरी दिसेल, किंवा झालेलीच नसेल.

त्यानंतर गाडी दोन वर्षे बिनतक्रार चालली. सरकारी नियमाप्रमाणे दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीतही पास झाली. पण ती तपासणी ब्रेक, दिवे, धूर पाहते. इंजिनाच्या पोटात डोकावत नाही.

गिऱ्हाईक ठरले होते. गॅरेजात उमेदवारी संपवून नुकताच नोकरीला लागलेला मुलगा, पै पै जमवून आलेला. त्याने अपघाताबद्दल विचारले, तेलाबद्दल विचारले. याने खरे सांगितले. शर्यतीच्या वाटेबद्दल त्याने विचारले नाही. "फादर, मी खोटं बोललो नाही. विचारलंच नाही, तर सांगायलाच हवं का?"

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न आम्ही जवळजवळ याच शब्दांत शिकलो होतो. रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सनापूर्वी 44 साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक व्यापारी दुष्काळ पडलेल्या ऱ्होड्स बेटावर धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गावाला नाही. सांगितले तर भाव पडेल. डायोजेनिस नावाचा तत्त्ववेत्ता (पिंपात राहणारा तो नव्हे, हा बॅबिलॉनचा) म्हणतो, गप्प राहणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला जे माहीत नाही आणि तुला आहे, ते सांगितलेच पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हे प्रकरण पुन्हा उघडले आणि, माझ्या मते, अधिक बारकाईने तोलले. ते व्यापाऱ्याला सोडून देतात: उद्याचा भाव सांगायला न्यायाने तो बांधलेला नाही, सांगितले तर तो अधिक सद्गुणी. पण वस्तूत दडलेला दोष, ज्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला धोका पोहोचेल, तो सांगितलाच पाहिजे. उघड दोष, उदाहरणार्थ एकाक्ष घोडा, बोलून दाखवायची सक्ती नाही, किंमत मात्र त्या मानाने उतरवलेली हवी. आणि दडलेल्या दोषाचे उदाहरण त्यांनी कोणते दिले आहे? वेगवान म्हणून लंगडा घोडा विकणारा माणूस. बंधू-भगिनींनो, स्पोर्ट्स कारबद्दल याहून नेमके बोलणे मला तरी आधुनिक पुस्तकात सापडलेले नाही.

माझा तरुण मित्र मात्र हुशार. म्हणाला, "घोडा लंगडा आहे हे मला कुठे माहीत आहे? फक्त एकदा ठेचकाळला होता." मुद्दा खरा आहे. दोष सांगणे कर्तव्य, पण शंका? यावर मी बराच विचार केला. त्याला मी एवढेच विचारले, "तू आज घेणारा असतास तर ही ठेच तुला कळायला हवी होती का? कळली असती तर एवढेच पैसे दिले असतेस?" तो हसला, पण आनंदाने नव्हे. तो स्वतः इंजिनिअर आहे. या गाडीचा संगणक असे मर्यादेबाहेरचे फेरे मोजून, इंजिन किती तास चालले होते त्या नोंदीसह जपून ठेवतो, हे त्यानेच मला सांगितले. योग्य उपकरण लावले की सगळे कागदावर येते. म्हणजे इंजिनाची आठवण शाबूत होती. गप्प होता तो फक्त मालक.

जर्मन कायदाही इथे डायोजेनिसच्या बाजूने नाही. खासगी विक्रीत जबाबदारी नाकारता येते, पण विकणाऱ्याने कपटाने दोष दडवला असेल तर त्या कलमाचा आधार घेता येत नाही. तरी तो म्हणाला, सगळेच लपवतात, गिऱ्हाईक तेवढे धरूनच भाव करते. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर जो निबंध लिहिला (2001 साली नोबेल मिळालेल्यांत ते होते), त्यात हीच गोष्ट उलट टोकाने दिसते. गिऱ्हाईक सगळ्यांनाच लबाड धरून भाव पाडते, मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो, आणि उरतात त्या बिघडलेल्या गाड्या. म्हणजे याच्या गप्प राहण्याची किंमत ओळखदेख नसलेला कोणी प्रामाणिक विक्रेताही भरत होता.

हे सगळे मी मोठ्या आवेशात सांगितले. घरी आलो आणि झोप लागेना.

मी नवा सहायक धर्मगुरू असताना माझ्याकडे एक जुनी स्कूटर होती. तिचा दुसरा गिअर चढणीवर आपोआप निसटायचा. बदली झाली तेव्हा ती मी एका फुलवाल्याला विकली. पहाटे दादरच्या बाजारासाठी फुलांची ओझी घेऊन तो स्टेशनवर जायचा, वाटेत पुलाची चढण. त्याने टायर पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला. गिअरबद्दल विचारले नाही. "फादरची गाडी" म्हणून त्याने घासाघीसही केली नाही.

जानेवारीत त्या तरुणाचा ई-मेल आला. त्याने सांगून टाकले. त्या मुलाने आभार मानले आणि गाडी घेतली नाही. पुढे एक वयस्क गृहस्थ उपकरण घेऊनच आले, नोंद वाचली, सिलिंडरांची दाबचाचणी करून घेतली आणि किंमत बरीच उतरवून गाडी घेऊन गेले.

तो वाचून मी फुलवाल्याचा पत्ता शोधला आणि त्याच्या घरी गेलो. सगळे सांगितले. तो मोठ्याने हसला. "फादर, दुसऱ्याच दिवशी पुलावर कळलं होतं मला."

"मग काय केलंस?"

तो थोडा वेळ अंगणातल्या मोगऱ्याकडे पाहत राहिला. "आणखी एकाला विकली," म्हणाला. "त्यानंही विचारलं नाही."